पायाळू बाईंची कॅसेट

प्रमिलाबाई शिरपूरला आमच्या मुलींच्या शाळेत खेळ शिकवायच्या. मी तिथेच मराठी शिकवायचो, म्हणजे घाम न गाळता पगार घ्यायचो. खो-खोत पोरीचा पाय मुरगळला की घरचे खेळच बंद करत. लंगड्या पोरीला कोण करून घेईल? या एका वाक्यापायी बाईंच्या किती तरी चांगल्या पोरी मैदानातून गेल्या. बाईंना त्याचा भयंकर राग होता, आणि त्यांचा राग नुसता बोलून विरणारा नव्हता.

भुसावळच्या शिबिरात त्या ॲक्युप्रेशर शिकून आल्या. पण गावोगावी त्या एकट्या कशा पुरणार? म्हणून त्र्याण्णव साली लग्नाचं शूटिंग करणाऱ्या सुकदेवला धरून त्यांनी व्हिडिओ कॅसेट काढली. स्वतःच्याच पायावर अंगठ्याने दाबायच्या जागा दाखवल्या. "चोळू नका, दाबा. पाय टेकवतच नसेल तर दाबूही नका, दवाखाना गाठा," असं पुन्हा पुन्हा बजावलं.

घोळ वेगळाच झाला. बाई होत्या पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या. उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घ्यायचा, हे आपल्याकडचं जुनं औषध. त्यासाठी बायका पार शाळेपर्यंत यायच्या. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात आम्ही कॅसेट लावली, तर मंजुळाबाई नावाच्या आजी उठल्या, पदर खोचला आणि दुखरी कंबर थेट टीव्हीतल्या बाईंच्या पायाला टेकवली. मागे रांगच लागली! मला हसू आवरेना. बाईंचा चेहरा मात्र उतरला.

"आजी, पाय नका बघू, जागा बघा."

"तू पायाळू शे, माय. तुना अंगमा गुन शे. आम्ही दाबीसन काय व्हई?"

परतताना एसटीत बाई म्हणाल्या, "ही कॅसेट पुसायची. मी दिसतेय तोवर कुणी शिकणार नाही."

सुकदेव कुरकुरला, "बाई, नवरीशिवाय लग्नाची कॅसेट करायला सांगताय!" पण बाईंपुढे कुणाचं चाललंय? नव्या कॅसेटमध्ये त्यांचा चेहरा नाही, आवाजसुद्धा नाही. नववीतली कुंदा मैत्रिणीचा पाय हातात घेते आणि पहिलंच वाक्य बोलते, "मी पायाळू नाही."

पुढच्या हिवाळ्यात धुळ्याला सामने होते. आमच्या लिलाचा घोटा मुरगळला. तिचे वडील निंबाभाऊ मैदानाच्या कडेलाच उभे होते. मोठ्या लेकीचा खेळ त्यांनी अशाच एका मुरगळीवर बंद केला होता. कुंदा आणि दोघीतिघी धावल्या, लिलाला पाय टेकवता येतो का ते पाहिलं, मग दाबायला बसल्या. बाईही पलीकडून धावत आल्या, तर निंबाभाऊंनीच हात आडवा केला.

"थांबा बाई. पोरी करी राहिन्यात ना! त्यासले बठ्ठं येस."

पोरींना सगळं येतं, हे निंबाभाऊंच्या तोंडून ऐकून बाई होत्या तिथेच थांबल्या. त्या दिवशी लिलाला काही पुन्हा खेळू दिलं नाही. तिला धरून बाकावर बसवल्यावर निंबाभाऊ बाईंकडे वळले.

"हिनी पुढली मॅच कवय शे?"

बाईंना तारीख तोंडपाठ होती. पण त्या तोंड फिरवून गळ्यातल्या शिट्टीची दोरी सोडवत बसल्या, म्हणून ती मलाच सांगावी लागली.