फेरतपास नाही

आमच्या कोर्टातल्या वकिलांच्या बार रूममध्ये मी एकदा इलेक्ट्रॉनिक पुराव्यावर तासभर भाषण ठोकलं होतं. फोनमधलं रेकॉर्डिंग, कॅमेऱ्याचं फुटेज, व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज यांची नक्कल कोर्टात नुसती आणून चालत नाही. ज्याच्या ताब्यात ते यंत्र होतं त्याने सहीनिशी दाखला द्यावा लागतो, की यंत्र माझं, ते नीट चालत होतं आणि ही त्यातलीच नक्कल आहे. आम्ही सगळे त्या दाखल्याला, कायद्यातल्या कलमाच्या आकड्यावरून, ‘सिक्स्टी फाइव्ह बी’ म्हणायचो. भाषणानंतर टाळ्या पडल्या, चहा झाला आणि पुढचे काही दिवस मी उगाचच छाती काढून फिरत होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण माहीत नव्हतं म्हणून चूक झाली, असं म्हणायची सोय मला नाही.

त्याच सुमारास कळवणकडची एक बाई गंगापूर रोडवरच्या माझ्या ऑफिसात आली. गावात शिवणकाम करायची. नवऱ्याने तिला घराबाहेर काढलं होतं आणि सहा वर्षांची मुलगी सटाण्याला आपल्या आईकडे नेऊन ठेवली होती. मुलीचा ताबा मिळावा म्हणून तिला अर्ज करायचा होता. तिने हिरव्या कव्हरातला, काच तडकलेला फोन टेबलावर ठेवला आणि नवऱ्याचं बोलणं ऐकवलं. “मला पोरगी नकोच हाय. पण तुला मिळू द्यायची नाय.” बाकी सगळ्या शिव्याच होत्या.

“साहेब, एवढं जज साहेबांनी ऐकलं म्हंजी पोरगी मिळंल ना?”

“मिळेल,” मी म्हणालो. वकिलाने असं कधी म्हणू नये, तरी म्हणालो.

रेकॉर्डिंग मी माझ्याच कॉम्प्युटरवरून पेन ड्राइव्हवर घेतलं. राहिला दाखला. आमच्या धंद्यात कोऱ्या पानावर सुरुवात सहसा कुणी करत नाही. जुन्या केसची फाइल उघडायची, नाव बदलायचं, तारीख बदलायची, प्रिंट काढायची. मीही तेच केलं. ती जुनी फाइल एका पेट्रोल पंपाच्या मॅनेजरने कॅमेऱ्याच्या फुटेजसाठी दिलेल्या दाखल्याची होती. नाव, वय, गाव बदललं आणि मधला परिच्छेद तसाच राहिला. मला दुसऱ्या कोर्टात पोचायची घाई होती.

“काय लिव्हलंय साहेब ह्यात?” तिने विचारलं.

“फोन तुमचाच आहे, असं. करा सही.”

तिने पेन घट्ट धरून, ओठ चावत, तीन ठिकाणी सही केली. मी घड्याळ बघत होतो.

उलटतपासाच्या दिवशी समोर जे वकील उभे राहिले, ते माझ्या भाषणाला पहिल्या रांगेत बसलेले होते. त्यांनी आवाजही चढवला नाही.

“बाई, तुमच्याकडे कॉम्प्युटर आहे?”

“नाय.”

“ऑफिस?”

“नाय. शिलाई मशीन हाय.”

मागे कुणीतरी हसलं. मग त्यांनी दाखला उचलून सावकाश वाचला. ‘सदर कॅमेरे व संगणक माझ्या कार्यालयात माझ्या नियंत्रणाखाली असून नियमित वापरात आहेत.’ खाली सही कुणाची, असं विचारल्यावर ती “माझीच” म्हणाली. लगेच त्यांनी शेवटचा प्रश्न टाकला, “सही करण्याआधी तुमच्या वकिलांनी हे तुम्हाला वाचून दाखवलं होतं का?”

तिने माझ्याकडे पाहिलं. तिला तेव्हा सगळं कळलं होतं, असं मला वाटतं. मी समोरच्या कागदांत डोकं घातलं.

“हो,” ती म्हणाली. “वाचून दाखवलं होतं.”

त्या एका उत्तराने मी सुटलो आणि ती अडकली. वाचून, समजून खोटं लिहून दिलं, असाच त्याचा अर्थ होत होता.

न्यायाधीश मॅडमनी माझ्याकडे पाहून विचारलं, “फेरतपास?” आपल्या साक्षीदाराला पुन्हा प्रश्न विचारून गोंधळ निस्तरायची ती संधी असते. मला उठून सांगता आलं असतं, की चूक माझी आहे, फोन तिच्या पिशवीत आहे तो पाहा, नवा दाखला द्यायची परवानगी द्या. तशी परवानगी मागता येते, हेही मीच भाषणात सांगितलं होतं. फार तर बार रूममध्ये आठवडाभर माझी टर उडाली असती. मी उठलो आणि म्हणालो, “फेरतपास नाही.”

बाहेर व्हरांड्यात ती माझ्या मागोमाग आली. “साहेब, बरोबर बोलले ना मी? तुमचं नाव खराब झालं असतं, मंग आपली केस कोण लढणार?” मी म्हणालो, बघू, निकाल येऊ दे.

निकालात तिच्या कुठल्याच म्हणण्यावर विश्वास ठेवलेला नव्हता. रेकॉर्डिंग बाजूला पडलं. मुलगी बापाकडे राहिली आणि आईला पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी, कोर्टाच्या आवारात, दोन तास भेट मिळाली. मी अपील दाखल केलं. त्यात ‘टायपिंगची चूक’ असे शब्द घातले, कुणाची ते मात्र लिहिलं नाही. ते अपील अजून पडून आहे.

आता कायदा नवा आलाय. दाखल्याचा नमुना छापील आहे, त्यात फोनचा रंगसुद्धा लिहावा लागतो. रंगाच्या रकान्यापाशी दर वेळी मला ते हिरवं कव्हर आठवतं. प्रत्येक पक्षकाराला मी दाखला शब्द न शब्द वाचून दाखवतो. लोक म्हणतात, वकील फार काटेकोर आहे.

त्या दोन शनिवारी मी मागच्या जिन्याने ये-जा करतो. गेल्या महिन्यात त्या जिन्याला रंग देत होते, म्हणून पुढून जावं लागलं. बाकावर दोघी बसल्या होत्या. आई मुलीची वेणी घालत होती. मी मान खाली घालून पुढे निघालो, तोच हाक आली.

“साहेब!” ती मुलीला घेऊन उठलीच. “हे आपले वकील साहेब, बरं का. आपल्यासाठी लय धडपड करतात. पाया पड.”

मी “राहू दे, राहू दे” म्हणत मागे सरकलो, पण अर्धी वेणी तशीच सोडून मुलगी वाकली होती आणि तिचे हात माझ्या बुटांपर्यंत पोचले होते.