सुमन आणि दडून बसलेल्या पेशी

वारंगा फाट्यावर पुण्याच्या गाडीची वाट बघत उभी होते. पिशवीत सुमननं मागितलेली वाळलेली हरभऱ्याची भाजी होती. तेवढ्यात तिच्या धाकट्या भावाचा, गजूचा फोन आला. "ताई, तुमी येऊ नका... आमीच तिला घेऊन येऊन राहिलो." गाडी आली, थांबली आणि निघूनही गेली. मी तिथंच उभी.

सुमन गेली त्याला आता दीड महिना झाला. सेनगावच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. ती जवळच्या तांड्यावरची, मी गावातली. नववीत असताना तिच्या आईच्या, याडीच्या छातीत गाठ निघाली. नांदेडला ऑपरेशन झालं, औषधं झाली, 'सगळं साफ आहे' असं डॉक्टरांनी सांगितलं. तांड्यावर गोड जेवण झालं, मीही जेवले. दोन वर्षांत गाठ परत आली आणि याडी गेली. सुमन त्या डॉक्टरांसमोर उभी राहून विचारत होती, "सगळं काढलं होतं ना, मग आलं कुठून?" त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग ते पुढच्या पेशंटकडे वळले.

तो हात तिला फार लागला असावा. रसायनशास्त्र घेऊन ती शिकत गेली, शिकत गेली आणि दोन हजार सालानंतर पुण्याच्या एका प्रयोगशाळेत पोचली. एकदा सुट्टीत आली तेव्हा मी विचारलं, नेमकं करतेस काय? म्हणाली, "हळद काढल्यावर एखादं बेणं मातीत राहतं आणि पुढच्या साली आपोआप फुटतं, तसंच आहे बघ. गाठीत काही मोजक्या पेशी असतात, त्यांच्यापासून सगळी गाठ पुन्हा उभी राहते. औषधानं बाकीच्या मरतात, ह्या दडून बसतात. त्या दिसल्याच न्हाई तर मारायच्या कशा?" नेमक्या त्या पेशींना चिकटेल आणि ठरावीक उजेडात चमकेल असा रंग ती तयार करत होती. एक रंग पेशीत शिरायचाच नाही, दुसरा शिरून विझून जायचा. वर्षं अशीच गेली. लग्नाचं विचारायचं तिच्या वडिलांनी, बापूंनी, सोडून दिलं.

मग तिलाच गाठ झाली. कामाच्या नादात तिनं अंगावर काढलं होतं, हे तिनं फक्त मला सांगितलं. ऑपरेशन, केमो... आणि वर्षभरात गाठ पुन्हा उगवली. दुसऱ्या ऑपरेशनच्या वेळी रीतसर परवानगी काढून तिनं आपल्याच गाठीचा तुकडा प्रयोगशाळेत पाठवला. ती कामावर परतल्यावर एका दुपारी मी शिकवते त्या शाळेत तिचा फोन आला. "लागला गं रंग! बराबर लागला. अंधारात हिरव्या ठिणग्या असाव्यात तशा दिसल्या." मी ओरडलेच.  मग ती म्हणाली, "माझ्याच आहेत त्या. इतकी औषधं पिऊन जिवंत... दिसल्या, पण मारायला माझ्याकडं काहीच न्हाई गं."  

परवा तांड्यावर गेले. बापू तिच्या खोलीत खाली बसले होते, समोर पुण्याहून आलेली पेटी. त्यातली वही त्यांनी माझ्याकडे दिली. "इंग्रजीत हाय. शेवटाला काय लिवलंय तेवढं सांगा, बाई." शेवटचं पान तिच्या त्या फोनच्या नंतरचं होतं.  शेजारच्या निरोगी पेशींनाही रंग लागला आहे, असं लिहिलं होतं. म्हणजे त्या दिवशी दिसलं ते खरं की नाही, हेसुद्धा तिला कळलं नव्हतं... खाली एकच ओळ होती. तेवढीच मी वाचून दाखवली.

"पुन्हा करून बघायचं, असं लिहिलंय."

बापूंनी वही मिटून मांडीवर घेतली. मग म्हणाले, "कवा?"