चूलबंद आवतन

कंपनी आली तेव्हा मी सातवीत होते. मुंबईची कंपनी, तिने कारखान्यासोबत अख्खी कॉलनीच आणली आणि तिच्याभोवती भलंमोठं कुंपण घातलं. इतकी वर्षं दूर गप बसलेलं भंडारा शहरही मग रस्त्याच्या कडेने एकेक पानठेला टाकत आमच्या अंगावर येऊ लागलं. एसटीचा कंडक्टर गावाचं नाव सोडून "कंपनी, चला कंपनी" असं ओरडायला लागला. आई त्याला दर वेळी सुनवायची, "गावाले नाव हाये नं बापा! बारशाले तू नव्हता म्हून काय झालं?"

पण खरी पंचाईत झाली मंडईची. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते. दुकानं, पाळणे, घरोघरी पाहुणे आणि भर दुपारी दंडार, म्हणजे ढोलकीवर नाचगाणं आणि सोंगं. ज्या मैदानावर आमची मंडई भरायची, तेच कंपनीने घेतलं. त्यावर अजून एक वीट रचली नव्हती, पण फाटकाला कुलूप लागलं होतं.

बाबा दंडारीत राणी व्हायचे. एरवी राकट, तोंडाळ माणूस, पण लुगडं नेसलं की चालच बदलायची. दिवाळीआधी त्यांनी नेहमीप्रमाणे मिशी काढली आणि मग कळलं, यंदा मैदान नाही. मिशी उतरवली म्हणजे घरात कोणीतरी गेलं, असंच लोक समजतात. बाजारात एकाने विचारलंच, "काहून गा, कोन गेलं?"

"अजून कोनी नाही," बाबा म्हणाले. "पन मंडई नाही झाली त मीच जातो."

गावातले शहाणे म्हणाले, कंपनीकडे अर्ज करा. बाबा उखडले. "आपल्याच गावात आपन कायले हात पसराव? नवे लोक हायेत ते. नव्या मानसाले आवतन देतेत!" आणि तडक जाऊन त्यांनी मॅनेजरसाहेबांना चूलबंद आवतन दिलं. म्हणजे मंडईच्या दिवशी कॉलनीत एकही चूल पेटायची नाही, सगळ्यांनी गावात जेवायचं. साहेब हसून हो म्हणाले. आपण काय कबूल केलं ते त्यांना कळलं नसावं, पण त्यांच्या बायकोचं माहेर आमच्याच भागातलं. तिने कॉलनीत घरोघरी सांगून टाकलं.

मैदान नाही म्हणून मंडई गावातल्या चौकातच भरवली आणि सगळी कॉलनी आली. गाव, गावाचे पाहुणे आणि हे सगळे! चौकात दंडार सुरू झाली तेव्हा पाय ठेवायला जागा नव्हती. भात, वांग्याची भाजी आणि वडे खाऊन सुस्तावलेले साहेब एका भिंतीला चिकटून उभे होते. त्यांची बायको सगळ्यांसमोर म्हणाली, "अहो, आपलं एवढं मैदान रिकामं पडलंय आणि ही माणसं इथे चेंगरतायत!" साहेबांनी चौकीदाराला हाक मारली. फाटक उघडलं. लुगड्यातले बाबा पुढे, ढोलकी मागे आणि त्यामागे अख्खं गाव. मी तर आनंदाने नुसती ओरडत होते.

पुढच्या दिवाळीत साहेबांची बायको आमच्या दारात आली. आईला म्हणाली, "काकू, मंडईला तुमच्या गावाला आमचं चूलबंद आवतन. पाहुण्यांसकट!"

आईला खरंच वाटेना. लग्न होऊन आल्यापासून तिच्यासाठी मंडई म्हणजे पंगतीवर पंगती. बाबांची दंडार तिने चुलीपुढे बसून नुसती ऐकली होती. त्या दिवशी मात्र ती ठेवणीतलं लुगडं नेसून मैदानात सगळ्यांच्या पुढे जाऊन बसली.

बाबा ठुमकत आले, आईला बघितलं आणि गाणंच विसरले. ढोलकी वाजत राहिली, लोक हसायला लागले.

आई तिथूनच ओरडली, "आता लाजून काहून राहिले? नाचा नं!"