बुधवारचं तिकीट

शालूताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात जेवणाचा डबा उघडून बसलो होतो. भोईवाड्यातल्या तिच्या शेजारणीचा, तावडेवहिनींचा फोन. सकाळपासून दार उघडलं नाही, हाका मारून झाल्या, शेवटी चाळीतल्या चार जणांनी दार तोडलं. आतून तीन कड्या होत्या म्हणून वेळ लागला, असं त्या पुन्हापुन्हा सांगत होत्या. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेल्या. मी ‘निघतो’ म्हणालो आणि डबा तसाच बंद केला. माझ्या मनात पहिला विचार कोणता आला हे लिहायची लाज वाटते, पण आता महिना होऊन गेला आहे, लिहून टाकतो. शालूताई गेली याचं दुःख नंतर आलं. आधी आला तो गाडीचा विचार. आता गाडीचं काय होणार?

शालूताई माझी आतेबहीण, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. लग्न केलं नाही. रेल्वेच्या एका कार्यालयात तिने सगळी नोकरी कारकुनीत काढली. कुठल्या गाडीत किती माणसं बसली याचे तक्ते तिच्या टेबलावर यायचे, ती ते जुळवून वर पाठवायची. घरात तिची ओळख मात्र एकच, भित्री. गॅस बंद केला की नाही हे ती तीनदा बघायची. नाक्यावरचा रस्ता ओलांडायला दुसऱ्या कोणाची तरी वाट बघत उभी राहायची. रेल्वेत असून ती रेल्वेने गावाला जात नसे, कारण एकदा गाडी बोगद्यात बराच वेळ थांबली होती आणि दिवे गेले होते. तेव्हापासून तिचे फुकटचे पास तसेच वाया जायचे आणि ती एसटीने ओकत ओकत कोकणात उतरायची. मी तिला ‘भित्यापाठी ब्रह्मराक्षस’ म्हणून चिडवायचो. ती म्हणायची, तुझ्यापाठी लागला ना की कळेल.

आमच्या गावाला स्टेशन नाही, हॉल्ट आहे. एक शेड, एक पाटी आणि तिकिटाची खिडकी. तिथे एकच गाडी थांबते, दादरहून सकाळी सुटणारी पॅसेंजर, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईकडे परत येणारी तिची जोडीदार. माझ्या आईची किडनी गेली तेव्हापासून आठवड्यातून तीनदा ती सकाळच्या मुंबईकडच्या गाडीने चार स्टेशनं पुढे तालुक्याला जाते, डायलिसिस करून घेते आणि संध्याकाळी मुंबईहून येणाऱ्या गाडीने घरी परतते. तिला घोडपदेवला माझ्याकडे आणून बघितलं. तिसरा मजला, लिफ्ट नाही, डायलिसिसनंतर दोघांनी उचलून वर न्यावं लागायचं. दोन महिन्यांत म्हणाली, मला गावाला सोड. एसटी आमच्या गावात दुपारी येते. रोजची रिक्षा आम्हाला परवडणारी नाही. तेव्हा ती गाडी आहे म्हणून आई आहे, इतका सरळ मामला.

तीनेक वर्षांपूर्वी एका रविवारी दुपारी शालूताई न कळवता आमच्याकडे आली. बसली नाही. बायको चहा टाकायला आत गेल्यावर हळूच म्हणाली, तोट्यातल्या गाड्यांची यादी झाली आहे, त्यात आपली आहे. पुढच्या महिन्यात तीन दिवस गाडीत माणसांची मोजणी होईल, त्यावर ठरेल. कोणते तीन दिवस तेही तिने सांगितलं. मग माझं मनगट धरून म्हणाली, हे कोणाला बोलायचं नसतं... मी बोलले. चहा न घेताच गेली.

मी गावच्या मुंबई मंडळाचा चिटणीस. आठवड्याभरात बैठक बोलावली. मोजणी आहे एवढंच सांगितलं, कुठून कळलं ते सांगितलं नाही. सगळे एका पायावर तयार झाले. डोकीच मोजणार ना, मग डोकी देऊ. लालबाग, परळ, घोडपदेव, जिथून जमेल तिथून माणसं निघाली. कोणी रजा टाकली, म्हाताऱ्या बायका नातवंडांना घेऊन आल्या. आणि इथे मी माझी अक्कल पाजळली. मंडळाची शिल्लक थोडी होती, म्हणून मीच म्हणालो, तिकिटं पनवेलपर्यंतची काढा, पुढे कोण विचारतोय. मोजणी पनवेलच्या पुढे झाली. मी खिडकीशी बसलो होतो. हातात पॅड घेतलेला एक माणूस डब्यातून गेला, माझ्याकडे बघून त्याने पेनाने एक रेघ ओढली. मला मोठा पराक्रम केल्यासारखं वाटलं.

पंधरा दिवसांनी शालूताई पुन्हा आली. या वेळी बसली.

“सुध्या, माणसं चौपट झाली आणि पनवेलच्या पुढची तिकिटं होती तेवढीच आहेत. आधी कोणी सांगितल्याशिवाय असं होत नाही. आणि तो तक्ता माझ्याच टेबलावर आलाय.”

तिच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. मी म्हणालो, जुळत नाही हे कोण बघतंय, पाठवून दे तसाच. ती म्हणाली, बघायचं काम माझंच आहे रे. त्या दिवशी तिला बसस्टॉपपर्यंत सोडायला गेलो तेव्हा मलाही रस्ता ओलांडायची भीती वाटली.

तिने काय केलं ते मला नंतर कळलं. तिने टिपण लिहिलं की या मोजणीचे आकडे धरू नयेत, साध्या दिवसांत पुन्हा मोजावं. आणि खाली एक ओळ लिहिली, की मोजणीची माहिती माझ्याकडून बाहेर गेली. गॅसचं बटण तीनदा बघणाऱ्या बाईने हे सही करून वर पाठवलं. मला फोनवर सांगितलं तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, “माझं नाव घेतलंस?”

ती म्हणाली, “नाही रे. तू कुठे रेल्वेत आहेस?”

पुढचे दिवस कसे गेले ते सांगता येत नाही. तिचं पेन्शन अडेल, आईची गाडी बंद होईल, दोन्ही माझ्यामुळे. अखेर शालूताईला लेखी समज मिळाली. पेन्शन वाचलं, पण निरोपसमारंभ झाला नाही. ती पिशवीत आपला पाण्याचा तांब्या आणि देवाचा फोटो घेऊन घरी आली. दुसऱ्या मोजणीत माणसं खरी होती तेवढीच, म्हणजे थोडी भरली. तरी गाडी लगेच बंद झाली नाही. सरकारकडून तोटा भरून मिळतोय तोवर चालवायची आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं, असं ठरलं. गाडीतली माणसं आणि तिकीटविक्री आणखी घटली तर मात्र विषय संपला.

तेव्हापासून दर सहा महिन्यांनी शालूताई आपल्या जुन्या सहकाऱ्याकडे चौकशी करायची आणि मला फोन करायची. फोनवर एकच शब्द, “मिळाली.” मुदत मिळाली म्हणायचीसुद्धा तिला भीती वाटायची, कोणी ऐकत असलं तर! मी लगेच गावी आईला फोन लावायचो. आई विचारायची, “गाडी आसा मा रे?” मी म्हणायचो, आसा.

तेराव्यानंतर तिची खोली आवरायला गेलो. कपाटात वरच्या कप्प्यात बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. मला वाटलं दागिने असतील. उघडला तर आत तिकिटं. दादर ते आमचा हॉल्ट, दहा-दहाच्या गड्ड्या, रबरबँड लावलेल्या. खालच्या गड्ड्यांवरची शाई उडून कागद कोरे झाले होते. एकही वापरलेलं नव्हतं. तावडेवहिनी म्हणाल्या, “दर बुधवारी दादरला जायच्या. तिकीट काढून येते म्हणायच्या. आम्हाला वाटायचं, गावाला निघाल्या... पण जायच्या नाहीत कधी.”

मी डबा मांडीवर घेऊन बराच वेळ बसलो. आमच्या हॉल्टला दुसरी गाडी थांबत नाही, म्हणजे त्या हॉल्टचं तिकीट हे त्या गाडीचंच तिकीट. आठवड्याला एका तिकिटाने गाडीचा तोटा भरत नाही, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? जन्मभर तेच आकडे जुळवले तिने. तरी ती जात राहिली. मी पनवेलपर्यंतची काढून वाचवलेली तिकिटं ती एकेक करून भरून काढत होती की काय, हे आता विचारायला ती नाही. मी तिथेच रडलो. वहिनी पाणी घेऊन आल्या.

या महिनाअखेर मुदत संपते आहे. तिच्या त्या सहकाऱ्याचं नाव तिने मला कधी सांगितलं नव्हतं, तिच्या डायरीतही ते सापडलं नाही. कार्यालयात जाऊन विचारायचं तर कोण म्हणून विचारू? काल बुधवार होता. ऑफिसातून लवकर निघालो, दादरला रांगेत उभा राहिलो आणि एक तिकीट काढलं. घरी येऊन ते डब्यात सगळ्यात वर ठेवलं. मग आईचा फोन आला. डायलिसिसच्या आदल्या दिवशी ती हटकून करते.

“शालू गेली. आता गाडयेचा कोण बघतलो?”

“मी बघतो.”

आई मग म्हणाली, “शालूसारख्या भिवान बघ हां. ती भियायची म्हणान गाडी ऱ्हवली.”

फोन ठेवला. दाराची कडी लावली होती की नाही आठवेना, म्हणून उठून बघून आलो.