शंभर मोजणारे अप्पा

लाईट आली की टोकावड्यात दोन आवाज व्हायचे. पहिला सगळ्या बाजाराचा, "आली रे आली!" आणि लगेच त्याच्यावर चढणारा दुसरा, एकट्या अप्पांचा. "हात लावाचा नाय कोनी! एक... दोन... तीन..."

अप्पांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान एसटी थांब्यासमोर होतं. लाईट जाताना काही बिघडवत नाही, जे काय बिघडवायचं ते परत येताना बिघडवते, असं त्यांचं मत होतं. कधी कधी ती दुप्पट दाबानं यायची आणि पहिल्याच झटक्यात टीव्ही जाळून टाकायची. म्हणून लाईट गेली की सगळ्या पिना काढायच्या, आणि ती आल्यावर शंभर अंक मोजल्याशिवाय एकही लावायची नाही. कुणी घाई केली की म्हणायचे, "रुसून माहेरी आलेल्या पोरीला दारातच भाकऱ्या थापाला बसवतोस काय रे? जरा टेकू दे तिला."

माझं घर वैशाखऱ्याला, हायस्कूल टोकावड्याला. शाळा सुटायची ठरलेल्या वेळी आणि एसटी यायची तिच्या मर्जीनं. मधला वेळ मी अप्पांच्या दुकानातल्या स्टुलावर काढला. सातवीपासून दहावीपर्यंत रोज. घरातल्यांना वाटायचं, पोर थांब्यावर अभ्यास करते. करतही होते, फक्त पुस्तकाऐवजी समोर उघडा पडलेला टीव्ही असायचा.

मोजणीचा खरा कस लागला तो क्रिकेटच्या सामन्याच्या दिवशी. दुकानात आणि दुकानाबाहेर मिळून चाळीसेक माणसं. शेवटची दोन षटकं राहिली आणि लाईट गेली. पाच मिनिटांनी आली. अप्पांनी पिन हातात धरली आणि सुरू केलं, "एक... दोन..." माणसं हाता-पाया पडायला लागली. शेजारचा सलूनवाला बाळू मदतीला धावला आणि मोठ्यानं मोजू लागला, पण त्याची लबाडी ठरलेली. "अडतीस, एकोणचाळीस, चाळीस, साठ!" अप्पांनी त्याच्याकडं नुसतं बघितलं आणि म्हणाले, "बाळूशेठ, मधले एकोनीस कुठं दाढी कराला गेले? परत पयल्यापासून. एक..." लोक बाळूलाच मारायला उठले. दुसऱ्या खेपेला एकाहत्तरवर असताना बाळूच्या सलूनमधला दिवा फाटकन् फुटला.  त्र्याहत्तरपासून चाळीस माणसं एका सुरात मोजत होती. शंभर झाले, पिन लावली, तेव्हा खेळाडू हात मिळवत मैदानाबाहेर पडत होते. आपण जिंकलो की हरलो हे कळायला आणखी दहा मिनिटं लागली, पण टीव्ही जगला.

त्यांची दुसरी सवय म्हणजे एक प्रश्न. "काय बिघडलंय?" असं ते गिऱ्हाइकाला कधीच विचारत नसत. म्हणायचे, ते त्याला कळत असतं तर तो इथं आला कशाला असता? ते विचारायचे, "शेवटचा बरा कधी होता?" तरुणपणी शहापूरला एका कारागिराच्या हाताखाली ते ही विद्या शिकले होते आणि ती त्यांनी टीव्हीपुरती ठेवली नव्हती. तापलेलं पोर, न उगवलेलं बियाणं, सगळ्यांना हाच प्रश्न. एकदा एक म्हातारी दुकानात येऊन रडायला लागली, "अप्पा, माझा जावई पार बिघडला बघ." अप्पांच्या तोंडून सवयीनं गेलंच, "शेवटचा बरा कधी होता?" म्हातारी विचार करून म्हणाली, "हळदीला." आणि स्वतःच खो खो हसत सुटली.

पुढं मी इंजिनिअरिंगला गेले. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं. हे मी आजही छाती काढून सांगते, त्यात लाजायचं काय? शेवटच्या वर्षी जर्मनीतल्या एका कंपनीत सहा महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी माझी निवड झाली. ही कंपनी दूध थंड ठेवणाऱ्या टाक्या चालवणारे छोटे यंत्र-डबे बनवायची. मी नाचतच घरी आले. बाबांना मात्र धसका बसला. दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन थेट अप्पांच्या दुकानात; माझा खरा अभ्यास कुठं चालायचा ते एव्हाना घरात कळलं होतं.

"सा महिने एकटी पोर परदेशात," बाबा म्हणाले. "तिथं हिनं कायतरी महागाचं बिघडवलं तं कोन निस्तरनार?"

अप्पांनी डोकंही वर केलं नाही. "मी."

"तुमी?"

"मंगी जे काय बिघडवंल ते माझ्याकडं आनाचं. मी दुरुस्त करून देतो. झालं?"

बाबांना इतकी पक्की हमी कोणत्याच कागदावर मिळाली नसती. त्यांनी परवानगी दिली. निघताना अप्पांनी मला त्यांचा पिवळ्या मुठीचा टेस्टर दिला. "तिकडची लाईट कशी हाय ते कळव."

तिकडची लाईट जातच नव्हती! तीन महिन्यांत एकदाही नाही. मी फोनवर सांगितलं तर अप्पा हळहळले. "अरेरे. मंग मानसं घराभायेर येऊन बोलतात कधी?"

त्यांची हळहळ मला पटायची, कारण तिथं मीही फार बोलत नव्हते. बैठकीत सगळे प्रश्न विचारायचे, मी मान डोलवायची. आमचा प्रमुख योखेन, ताडमाड उंच, शब्द जपून वापरणारा. प्रयोगशाळेत एका नव्या डब्याची परीक्षा चालू होती. तो सलग तीस दिवस न थांबता चालला की शेतकऱ्यांकडं रवाना होणार होता. एकोणीस दिवस झाले होते. शुक्रवार होता, सगळे लवकर घरी गेले, मी एकटीच आवरत होते. तेवढ्यात बाहेर ढग गडगडले.

आता सांगा, गडगडलं की लाईट गेलीच समजायचं, हे टोकावड्यात शिकलेल्या मुलीनं काय करावं? मी एका दमात प्रयोगशाळेतल्या सगळ्या पिना उपटल्या आणि केवढं मोठं संकट टाळलं या आनंदात गाणं म्हणत घरी गेले.

सोमवारी योखेन त्या मेलेल्या डब्यासमोर उभा होता. त्यानं पिन लावली. डबा जागा झाला आणि पडद्यावर अक्षरं आली, "भाषा निवडा." बाकी सगळं विसरला होता. एकोणीस दिवस पाण्यात.

"हे कुणी केलं?"

"मी."

"का?"

"ढग गडगडले."

योखेननं खिडकीबाहेर बघितलं. स्वच्छ ऊन पडलं होतं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "उद्या दहा वाजता बोलू."

मला कळून चुकलं, आता परत पाठवणार. गावात अर्ध्यातून परत आलेल्या मुलीची काय कथा होते ते मला माहीत होतं. बाबा कुणाला तोंड दाखवू शकले नसते आणि माझ्यामागून कुणाचीच पोरगी शिकायला बाहेर पडली नसती. जेवणाच्या सुट्टीत मी दुकानात फोन लावला. तिकडं दुपार कलली होती, पाठीमागं एसटीचा हॉर्न ऐकू येत होता.

"अप्पा, मी बिघडवलं." आणि रडायलाच लागले.

"रडतेस काय गो? आपलं ठरलंय ना? बोल. शेवटचा बरा कधी होता?"

"मी पिन काढीपर्यंत."

"आनि परत लावल्यावर?"

"भाषा निवडा म्हणतो."

"कोनाला म्हनतो?"

"समोर जो असेल त्याला. बटण दाबेपर्यंत तसाच बसून राहतो."

"आनि समोर कोनीच नसंल तं?"

मी नाक पुसत म्हटलं, "मग बसून राहतो."

 अप्पा म्हणाले, "मंगे, दुधाचं काय?"

"कसलं दूध?"

"अगो, गोठ्यात लाईट गेली, आली. मालक शेतावर. हा तुझा डबा भाषा इचारत बसला. तवर टाकीतल्या दुधाचं काय? त्याचं दही होनार का नाय?"

माझं रडणं तिथंच थांबलं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता योखेननं तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "दुधाचं काय?" परक्या देशात माझ्याहून मोठ्या माणसाला मी विचारलेला तो पहिला प्रश्न. समजावून सांगताना माझं इंग्रजी चार वेळा अडखळलं, पण मी थांबले नाही. योखेन उठला, डब्याची पिन काढली, लावली. काढली, लावली. लहान मुलासारखा खेळतच बसला. अकरा वेळा केलं, त्यात चार वेळा डब्यानं भाषा विचारली. त्यांच्याकडं डबा नेहमी नीट बटण दाबून बंद व्हायचा. लाईट अशी मधेच पळून जाईल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. चौथ्या वेळी योखेन हसला. तीन महिन्यांत पहिल्यांदा मी त्याचे दात बघितले.

मला कुणी परत पाठवलं नाही. उलट उरलेले तीन महिने पिना उपटणं हेच माझं अधिकृत काम झालं. पिन उपटायची, लावायची, शंभर मोजायचे, डबा स्वतःहून कामाला लागला का ते लिहायचं. या परीक्षेला नाव काय द्यायचं, असं योखेननं विचारलं. कंपनीच्या यादीत तिचं नाव "अप्पा" असं आहे.

परत आल्यावर मी विमानतळावरून घरी आणि घरातून तशीच दुकानात गेले. अप्पांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"पुरे शंभर मोजतात ना ते लोक?"

"पुरे."

"बाळूसारखा नाय ना कोन त्यांच्यात?"

पुढं मला नोकरी लागली. आता नव्या मुलामुलींना कामाला घेताना मी दोनच प्रश्न विचारते, "शेवटचा बरा कधी होता?" आणि "दुधाचं काय?" दोन्ही अप्पांचे आहेत. मला नोकरी लागल्यावर काही वर्षांनी एका पावसाळ्यात अप्पा गेले. तेराव्याला दुकानासमोर मांडव घातला होता. अर्धी पंगत बसली आणि लाईट गेली. पंखे थांबले. थोड्या वेळानं ती आली. एक पोऱ्या पंख्याच्या बटणाकडं धावला, तसे बाबा पानावरूनच गरजले, "हात लावाचा नाय!" आणि मग हळूच म्हणाले, "एक."

"दोन," कुणीतरी म्हटलं. तिसऱ्याला सगळा मांडव मोजत होता. वाढपी भाताची परात घेऊन उभेच्या उभे. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. तिथं आम्ही सगळेच आपोआप थांबलो आणि बाळूकडं बघितलं.

बाळूनं नाक ओढलं, उपरण्यानं डोळे पुसले आणि ठणठणीत आवाजात म्हणाला, "एक्केचाळीस."