डावी भिंत, उजवी भिंत

बुदैयाहून आलेल्या बाईंनी काउंटरवर खोकं ठेवलं आणि दोनच शब्द बोलल्या. "सीडी मफी."

मफी म्हणजे नाही. बहरीनमध्ये आल्यावर पहिल्या आठवड्यात कानावर पडणारा शब्द. खोक्यात गेम खेळायचा कन्सोल होता. हे मशीन टीव्हीला जोडायचं, हातात कंट्रोलर घ्यायचा आणि सोफ्यावर बसून खेळायचं. बाईंच्या मुलांनी मशीन उलटंसुलटं करून पाहिलं होतं, पण डिस्क घालायची फट कुठेच सापडली नव्हती. सापडणार कशी? ते डिजिटल मॉडेल होतं. त्यात गेम इंटरनेटवरून विकत घ्यावे लागतात, डिस्क चालतच नाही. आणि बाईंच्या घरी चुलत भावांनी दिलेल्या डिस्कची पिशवी भरलेली होती.

"घेताना कोणी सांगितलं नाही?" मी विचारलं.

"तुमचा माणूस म्हणाला, डिजिटल, न्यू, व्हेरी गुड."

त्यात खोटं काहीच नव्हतं. मशीन डिजिटल होतं, न्यू होतं आणि व्हेरी गुडही होतं. मी पैसे परत दिले. त्या आठवड्यात परत आलेलं ते पाचवं फोडलेलं खोकं होतं.

मी बहरीनच्या सीफ भागातल्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेमिंगची कॅटेगरी मॅनेजर आहे. कुठला माल किती मागवायचा आणि कुठल्या शेल्फवर ठेवायचा, हे मी ठरवते. शेल्फच्या नकाशाला प्लॅनोग्राम म्हणतात. मला स्वतःला गेममधलं ओ की ठो कळत नाही. आधी ठाण्याला असताना मिक्सर आणि कुकर सांभाळायचे, तेव्हा स्वयंपाकाचीही फारशी आवड नव्हती. काही अडलं नाही.

कन्सोलच्या दोन मोठ्या कंपन्या आमच्याकडे आहेत. दोघींशी अजून रोजचं काम आहे, म्हणून नावं घेत नाही. दुकानात शिरलं की एकीची भिंत डाव्या हाताला, दुसरीची उजव्या. आम्ही त्यांना डावे आणि उजवे म्हणतो. राजकारणाशी संबंध नाही. तिसरीही एक कंपनी आहे, ती कोणाच्या अध्यात ना मध्यात.

लोक विचारतात, मशीनं तर सारखीच दिसतात, मग एवढं वैर कशाला? कारण साधं आहे. मशीन विकून कंपनीला फारसं सुटत नाही. सुटतं ते पुढे, गेममध्ये, दरमहाच्या वर्गणीत, जादा कंट्रोलरमध्ये. मशीन हा घरात शिरायचा दरवाजा. डावे एकदा शिरले की पुढची कित्येक वर्षं त्या घराचे गेम डाव्यांकडूनच येणार. उजव्यांना ते घर बंद. म्हणून काही गेम मुद्दाम एकाच मशीनवर ठेवतात. खेळणारी पोरंही आपसांत भांडतात. ज्याच्या बापाने एक घेऊन दिलंय त्याला दुसरं मिळायचं नसतं. मग आहे तेच जगात भारी, असं म्हणण्यावाचून त्याला इलाज नसतो.

आमच्या दुकानात हे भांडण दोन माणसं भांडायची. त्यांना प्रमोटर म्हणतात. प्रमोटर आमच्या दुकानात उभा असतो, पण आमचा नसतो. त्याला पगार कन्सोलची कंपनी देते आणि व्हिसा माणसं पुरवणाऱ्या एजन्सीचा असतो. डाव्यांचा प्रमोटर श्रीवर्धनचा इम्तियाज, उजव्यांचा दापोलीचा नौशाद. दोघं एकाच खोलीत राहायचे, दुपारी एकाच डब्यातलं माशाचं कालवण खायचे, आणि डबा धुऊन झाला की हाडवैर सुरू.

"साहेब, त्याचं घेतलं तर मुलाला एकट्यानं खेळावं लागेल. दोस्त याच्यावर असतील तर तिकडून जोडता येत नाय," इम्तियाज म्हणायचा.

"आणि याचं डिजिटल तर घेऊच नका," नौशाद पलीकडून ओरडायचा. "त्याला तोंडच नाय! डिस्क भरवणार कुठं?"

"त्याच्याकडे वर्गणी थांबली की गेम गेले. भाड्याचं घर आहे ते!"

गुरुवारी संध्याकाळी, इथल्या शुक्रवार-शनिवारच्या वीकेंडच्या गर्दीत, हे जरा जास्तच व्हायचं. एका गिऱ्हाइकाने लेखी तक्रार केली की हे दुकान आहे की मासळीबाजार. मलाही वैताग आला होता.

त्याच सुमारास डाव्यांचा दुबईचा मॅनेजर आला. चार महिने दोन्ही भिंती फक्त आम्हाला द्या, म्हणाला. नवे दिवे लावून देऊ, नवीन माल आला की आधी तुम्हाला. धंद्यात याला एक्स्क्लुझिव्ह म्हणतात. आमचे जनरल मॅनेजर वर्गीस सर केरळचे. आमचं बोलणं इंग्रजी-हिंदीत होतं, इथे मराठीत लिहिते.

"तुझं काय मत?" त्यांनी विचारलं.

"घ्या सर. दुकान शांत होईल," मी म्हणाले. हेच माझे शब्द. नवीन प्लॅनोग्रामही मीच काढला. त्यात उजव्यांची भिंत राहिली नाही, म्हणजे नौशादही राहिला नाही.

एजन्सीकडे त्याच्यासाठी दुसरं काउंटर नव्हतं. पाच आठवड्यांत काम मिळालं नाही तर व्हिसा कॅन्सल, असं त्यांनी कळवलं. त्याची बायको लहान मुलीला घेऊन व्हिजिटवर यायची होती, खोलीही बघून ठेवली होती. तो माझ्याकडे आला.

"मॅडम, माझं काय चुकलं?"

"काही नाही रे. मॅनेजमेंटचा निर्णय आहे."

निर्णय माझा होता. तो मॅनेजमेंटवर ढकलला, याची मला अजून लाज वाटते.

दुकान शांत झालं. पहिले पंधरा दिवस विक्री वाढली. मग दोन गोष्टी झाल्या. डावे खोक्याबरोबर एक गेम फुकट देत असत, तो बंद झाला. उजवे द्यायचे म्हणून हे द्यायचे, आता कोणासाठी द्यायचा? आणि फोडलेली खोकी परत यायला लागली, बुदैयाच्या बाईंचं त्यातलंच. फोडलेलं खोकं नवीन म्हणून विकता येत नाही. ते मीना सलमान बंदरातल्या गोदामात जातं आणि नंतर स्वस्तात निघतं. तिथला स्टोअरकीपर मला फोन करून विचारायला लागला, मॅडम, अजून किती?

परतीच्या स्लिपा काढून बसले. कारणाच्या रकान्यात सगळीकडे एकच, 'कस्टमर चेंज्ड माइंड'. आमची पोरं डोळे मिटून तेच लिहितात. शेवटी मीच गिऱ्हाइकांना फोन लावले. कारणं दोनच निघाली. एक, डिस्कची फट नाही. दोन, मुलाचे दोस्त नाहीतर चुलत भाऊ उजव्यांच्या मशीनवर खेळतात, आणि त्यांचा आवडता गेम इकडून तिकडे जोडता येत नाही.

मी इम्तियाजला गाठलं. तो डेमोचा कंट्रोलर पुसत होता.

"डिजिटलला फट नाही, हे गिऱ्हाइकाला का सांगत नाहीस?"

त्याला प्रश्नच कळला नाही. "मॅडम, ते नौशादचं काम होतं."

"म्हणजे?"

"माझ्या मशीनमधे काय नाय ते तो सांगायचा. त्याच्या मशीनमधे काय नाय ते मी. मला माझ्याबद्दल चांगलं बोलायचा पगार आहे मॅडम. वाईट बोललो तर उद्या मी पण त्याच्यासारखा रूमवर बसेन. पण खोटं एक अक्षर बोललो असेन तर दाखवा."

दाखवण्यासारखं काही नव्हतं. इतकी वर्षं मला वाटायचं, हे दोघं मिळून गिऱ्हाइकाचं डोकं खातात. खरं तर दोघं मिळून त्याला पूर्ण माहिती देत होते, प्रत्येक जण दुसऱ्याची. त्यातलं एक तोंड मी बंद केलं होतं, आणि त्या तोंडाच्या व्हिसाचे आता जेमतेम दोन आठवडे उरले होते.

वर्गीस सरांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, प्लॅनोग्राम चुकला."

"कोणी केला होता?"

"मी. नौशादचं काउंटर माझ्यामुळे गेलं."

"मग बदल."

"बदलता येत नाही. चार महिन्यांचा करार आहे. नौशादला आपल्या पगारावर घ्या. कुठल्या कंपनीचा नाही, दुकानाचा माणूस म्हणून."

"तो विकणार काय?"

"काही नाही. गिऱ्हाईक पैसे भरायच्या आधी तो त्याच्याशी बोलेल."

"बोलायचा पगार?"

"परत आलेल्या खोक्यांना गोदामात जागा देतोच आहोत ना सर?"

त्यांनी खिडकीतून पार्किंगकडे बघितलं. "एक सीझन. नंतर बघू. यल्ला, चल, एचआरला सांग."

व्हिसा ट्रान्स्फर झाला तेव्हा मुदतीचे चार दिवस राहिले होते. नौशादने मला मेसेजवर व्हिसाच्या कागदाचा फोटो पाठवला. मला रडू आलं, हे सांगायला हरकत नाही.

तो दुकानाचा राखाडी शर्ट घालून बिलिंगजवळ उभा राहू लागला. आठवड्याभरात डाव्यांच्या दुबईच्या मॅनेजरचा फोन आला.

"तुमचा माणूस आमच्या मशीनची बदनामी करतो."

"काय म्हणतो?"

"डिजिटलवर डिस्क चालत नाही म्हणतो."

"चालते का?"

मग तो हवापाण्याचं बोलायला लागला.

इम्तियाजची तक्रार वेगळी होती. "मॅडम, आधी हा माझं वाईट सांगायचा, मी याचं सांगायचो. आता हा माझं सांगतो आणि मी कोणाचं सांगू?"

एकदा सांगलीचे एक अकाउंटंट मुलीला घेऊन आले. डाव्यांचं मशीन काढायला सांगून झालं होतं. नौशादने मुलीला विचारलं, तुझ्या मैत्रिणी कशावर खेळतात? ती म्हणाली, "एव्हरीवन हॅज द अदर वन." बाप म्हणाला, हे मला घरी का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "यू डिडन्ट आस्क." नौशादने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्याने त्यांना उजव्यांचं मशीन मिळतं त्या समोरच्या दुकानात पाठवलं. ही गोष्ट वर्गीस सरांना कळली.

"गिऱ्हाईक स्वतःहून समोर पाठवलं?"

"हो सर. परवा खोकं परत घेण्यापेक्षा आज पाठवलं."

चार महिने संपल्यावर त्यांनी एक्स्क्लुझिव्ह वाढवलं नाही.

उजवे परत आले आणि त्यांनी पहिला माणूस मागितला तो नौशाद. पगार आमच्यापेक्षा जास्त. तो माझ्यासमोर चुळबुळत उभा राहिला.

"मॅडम, जाऊ? मुलीचं शाळेचं बघायचंय. त्यांना कायमचं आणायचं चाललंय."

मला रागच आला. एवढी धडपड केली ती याच्यासाठी, आणि हा निघाला. मग वाटलं, माझ्यामुळे याचं काम गेलं होतं, ते परत मिळतंय. मी कोण अडवणार?

"जा. पण आता तू तुझ्या मशीनचं वाईट सांगायचा नाहीस."

"मी नाय सांगणार. पण इम्तियाज हाय ना."

मी प्लॅनोग्राम पुन्हा काढला. या वेळी भिंतींवर फक्त खोकी ठेवली, आणि दोघांची काउंटरं बिलिंगच्या वाटेवर समोरासमोर आणली, मध्ये चार पावलांची जागा सोडून. पैसे भरायला जायचं तर दोघांच्या मधूनच जावं लागतं. मासळीबाजार पुन्हा सुरू आहे. लेखी तक्रारी येतात, त्या मी फाइल करते. फुकटचा गेम दोन्हीकडे परत आला आहे. मीना सलमानहून फोन क्वचित येतो.

कन्सोलच्या भांडणात खेळणाऱ्याचा फायदा होतो का, असं मला कोणी विचारलं तर मी म्हणते, होतो. कंपन्या भांडतात त्या स्वतःसाठी, पण भांडताना एकमेकींचं उणं काढतात, ते फुकट ऐकायला मिळतं. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ, अशी म्हणच आहे. फक्त त्या तिसऱ्याने पाकिटात हात घालायच्या आधी दोघांचं ऐकून घ्यावं. घरून निघतानाच तो एकाच्या बाजूचा झालेला असेल, तर तो तिसरा उरतच नाही.