मालकांचा खरा रंग

रंगीत खडूंनी माणसांचे चेहरे काढणाऱ्या त्या बाईला सगळे खडूताई म्हणत. पंधरा वर्षं ती मालकांच्या स्टुडिओत राबली. तिथला नियम एकच: गिऱ्हाईक कुठल्याही वर्णाचं असो, चित्रात दोन पायऱ्या उजळ दिसलं पाहिजे.

आई गेली तेव्हा ताईने स्टुडिओत बसूनच तिचं चित्र काढलं. आई काळीसावळी. नुसत्या काळ्या खडूने कातडी मेल्यासारखी दिसते, म्हणून आधी जांभळट तपकिरी, त्यावर विटकरी, आणि कपाळावर उजेड पडतो तिथे किंचित निळा. दुसऱ्या दिवशी चित्र दर्शनी काचेत लागलेलं. मालकांनी आईच्या गालांवर गुलाबी-पांढरा खडू अंगठ्याने चोळला होता.

"आता कशी चारचौघांत दाखवण्यासारखी झाली," ते म्हणाले.

ताईने चित्र उतरवलं. रंग पुसायला गेली तर आईचा गालच पुसला गेला. त्याच आठवड्यात नोकरी सोडून तिने रस्त्यापलीकडे, अगदी समोर, स्वतःचं दुकान थाटलं. राग मात्र विझू दिला नाही.

सहा वर्षांनी मालक तिची पायरी चढले. त्यांचा सत्कार होता, मंचावर चित्र हवं होतं, आणि स्वतःचा हात आता थरथरत होता.

"तुझ्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही गं."

"बसा ना, मालक. फक्त तोंडावरची पावडर पुसा."

तिने त्यांना खिडकीच्या उजेडात बसवलं. गालांवर शेवाळी छटा, डोळ्यांखाली जांभळी, नाकाच्या शेंड्यावर विटकरी, मानेवर राखाडी. एकही रंग तिने पदरचा घातला नाही. घातला असता तर त्यांना नावं ठेवायला जागा मिळाली असती.

मालकांनी चित्र खिडकीकडे तिरकं धरून पाहिलं. मग म्हणाले, "जरा उजळ कर."

"तो खडू मी ठेवत नाही."

"मग मला नको हे."

"बरं," म्हणत ताईने चित्र स्वतःच्या काचेत लावलं. सत्काराला आलेली माणसं थांबून बघत. "मालकच की, हुबेहूब," म्हणत. तेव्हापासून मालक मागच्या बोळाने येजा करू लागले.

दोन वर्षांनी धाकट्या बहिणीने विषय काढला. "म्हातारा माणूस आहे गं. उतरव आता ते."

ताई काच पुसत होती. "उन्हाने फिकं पडलं होतं," ती म्हणाली, "म्हणून मागच्याच महिन्यात आठवून पुन्हा नवं काढलं."